वेस्टा लघुग्रह स्वतःच्या डोळ्यांनी कसा शोधावा

गुरू ओळखता येतो, शनीची कडी कुणाच्या तरी दुर्बिणीतून एकदा पाहिलेली असतात. पण लघुग्रह पाहिलाय का, असं विचारलं की आकाशदर्शनाला नियमित येणारी माणसंही मान हलवतात. लघुग्रह म्हणजे मोठ्या वेधशाळेचं काम, अशी समजूत आहे. ती खरी नाही. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यात लाखो लघुग्रह आहेत, आणि त्यातला सर्वांत तेजस्वी, म्हणजे वेस्टा, साध्या बायनॉक्युलरने घराच्या गच्चीवरून सापडतो. त्याला पैशापेक्षा सवड जास्त लागते: तीन-चार मोकळ्या रात्री, एक वही आणि पेन्सिल.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. वेस्टा एका रात्रीत ओळखता येत नाही. त्याला कडी नाहीत, चंद्र नाहीत, रंगही डोळ्यात भरेल असा नाही. कितीही भिंग लावलं तरी तो आजूबाजूच्या ताऱ्यांसारखाच एक ठिपका दिसतो. तो तारा नाही हे कळतं ते तो सरकतो म्हणून. त्यामुळे या सगळ्या खटाटोपात डोळ्यांपेक्षा वही महत्त्वाची आहे. ॲपमध्ये पाहून ‘हाच असणार’ म्हणणं वेगळं आणि आपणच काढलेल्या दोन चित्रांत एक ठिपका जागा सोडून गेलेला पाहणं वेगळं. हा लेख दुसऱ्या प्रकारासाठी आहे.

कधी पाहायचा

वेस्टाला सूर्याभोवती फिरायला सुमारे 3.6 वर्षं लागतात. पृथ्वी आतल्या, वेगवान कक्षेतून दर सोळा-सतरा महिन्यांनी त्याला मागे टाकते. त्या वेळी सूर्य, पृथ्वी आणि वेस्टा साधारण एका रेषेत येतात. हीच प्रतियुती. वेस्टा तेव्हा आपल्याला सर्वांत जवळ असतो, रात्रभर आकाशात असतो आणि सर्वांत ठळक दिसतो. प्रतियुतीच्या आगेमागे महिनाभर पाहायला हरकत नाही. एरवी तो आठव्या प्रतीपर्यंत मंदावतो, आणि नवख्याने तेव्हा त्याच्या मागे लागू नये.

प्रत म्हणजे ठळकपणाचा आकडा, आणि तो उलटा चालतो. आकडा लहान तितका तारा ठळक. अगदी काळोख्या जागी नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. वेस्टा चांगल्या प्रतियुतीला 5.3 पर्यंत जातो, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसू शकणारा हा एकमेव मोठा लघुग्रह. मंद प्रतियुतीला तो 6.5 च्या आसपास राहतो.

इथे महाराष्ट्रातल्या निरीक्षकाची एक अडचण आहे. वेस्टाची कक्षा थोडी लंबवर्तुळाकार आहे, आणि तो सूर्याच्या सर्वांत जवळ असताना येणाऱ्या प्रतियुती जूनच्या सुमारास पडतात. म्हणजे बरोबर मृग लागतो आणि पहिले ढग कोकणावरून चढू लागतात तेव्हा. 19 जून 2018 ची प्रतियुती फार तेजस्वी होती, पण आपल्याकडे पावसाळा सुरू झाला होता. ऑगस्ट 2022 ची प्रतियुतीही पावसाळ्यातच आली. उलट डिसेंबरात येणारी प्रतियुती मंद असते, पण आकाश स्वच्छ आणि वेस्टा थेट डोक्यावर. माझ्या मते नवख्याने तेजापेक्षा स्वच्छ आकाशाला महत्त्व द्यावं. 5.3 चा ठिपका ढगाआड असला तर त्याचा काय उपयोग?

म्हणून ऑक्टोबर 2026 ची प्रतियुती मला सुरुवात करायला उत्तम वाटते. ती महिन्याच्या मध्याला आहे, पाऊस बहुतेक परतलेला असतो, आणि हवा धुतल्यासारखी असते. 10 ऑक्टोबरला अमावास्या, 11 ला घटस्थापना. म्हणजे 5 पासून 16 तारखेपर्यंत रात्री चंद्राचा त्रास जवळजवळ नाही. वेस्टा तेव्हा सुमारे 6.3 प्रतीचा, तिमिंगल तारकासमूहात असेल. कोजागरीच्या आसपासच्या रात्री मात्र सोडून द्या. चांदण्यात मंद तारे बुडतात, आणि तारे बुडाले की चित्र काढता येत नाही.

काय काय लागेल

बायनॉक्युलर, ज्याला आकाशदर्शनवाले द्विनेत्री म्हणतात, तो 10×50 किंवा 7×50 चा घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. जत्रेत आणि ऑनलाइन बाजारात ‘पन्नास पट, शंभर पट’ लिहिलेले छोट्या भिंगाचे बायनॉक्युलर मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. आपल्याला प्रकाश जास्त हवा आणि दृश्य रुंद हवं. 10×50 मधून साधारण साडेसहा अंश आकाश एका वेळी दिसतं, म्हणजे तेरा पूर्णचंद्र ओळीने मावतील इतकं. शहराच्या कडेच्या गच्चीवरूनही त्यातून सातव्या प्रतीचे तारे दिसतात, तेव्हा वेस्टा आवाक्यात आहे. नुसत्या डोळ्यांनी पाहायची हौस असेल तर मात्र गावाकडचा पुरेसा काळोख हवा.

दुर्बीण असेल तर चांगलंच, पण सुरुवात बायनॉक्युलरनेच करा. परावर्ती, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीत चित्र पूर्ण उलटं दिसतं, आणि अपवर्ती, म्हणजे भिंगाच्या दुर्बिणीत काटकोनी आरशातून पाहिलं की डावं-उजवं बदलतं. नकाशाशी जुळवताना नवखा माणूस तिथेच गोंधळतो. बायनॉक्युलरमध्ये सगळं सरळ दिसतं.

बाकीचं घरात असतं. कोरी वही, मऊ पेन्सिल, खोडरबर. टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद रबरबँडने बांधा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा दिपत नाहीत. एक सतरंजी किंवा आरामखुर्ची. आणि एक वाटी, आमटीची असते तेवढी, तोंडाला साधारण आठ सेंटिमीटर. वाटीचं काम पुढे येईल.

दिवसाउजेडी नकाशा

स्टेलेरियम हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर उतरवून घ्या. आपलं गाव निवडा, तारीख आणि रात्री साडेदहाची वेळ टाका, शोधाच्या चौकटीत वेस्टाचं नाव टाइप करा. तो सापडला की दृश्याची रुंदी वीस अंश ठेवून एक चित्र जतन करा, आणि साडेसहा अंश ठेवून दुसरं. ताऱ्यांची मर्यादा साधारण साडेसात प्रतीपर्यंत आणा, नाहीतर पडद्यावर इतके ठिपके येतील की आकाशाशी काही जुळणार नाही. लघुग्रहांच्या कक्षांची माहिती सॉफ्टवेअरमध्ये ताजी आहे ना, ते एकदा तपासा. जुन्या माहितीवर स्थान थोडं चुकू शकतं, आणि आपल्याला तर एकेक ठिपका मोजायचा आहे.

दोन्ही चित्रांची पार्श्वभूमी पांढरी आणि तारे काळे करून छापलं तर लाल उजेडात वाचायला फार सोपं जातं. मी मोबाइल शक्यतो खिशातच ठेवतो. पडद्याचा एक झगझगाट आणि वीस मिनिटांची तयारी वाया जाते.

पहिली रात्र

साडेनऊच्या सुमारास गच्चीवर जा आणि काही न करता वीस-पंचवीस मिनिटं बसा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. मग पूर्वेकडे तोंड करा. ऑक्टोबर 2026 मध्ये त्या भागात एक हक्काची खूण आहे: शनी. त्याची स्वतःची प्रतियुती 4 ऑक्टोबरला आहे, आणि आकाशाचा तो भाग ठळक ताऱ्यांनी इतका रिकामा आहे की न लुकलुकणारा, किंचित पिवळसर शनी लगेच सापडेल.

आता हात समोर ताठ करा आणि मूठ वळा. मुठीची रुंदी आकाशावर साधारण दहा अंश भरते. शनीपासून सव्वा ते दीड मूठ पूर्वेला, म्हणजे त्या वेळी खाली क्षितिजाकडे, आणि थोडं उजवीकडे, दक्षिणेला. वेस्टाचा परिसर तोच. तिमिंगल नावाने मोठा असला तरी त्यात ठळक तारे मोजकेच, म्हणून नुसत्या डोळ्यांनी तिथे फारसं काही दिसणार नाही. बायनॉक्युलर लावा. कोपर कठड्यावर टेकवा किंवा खुर्चीच्या हातावर, कारण दहा पट मोठं दिसताना हाताचा कंपही दहा पट होतो.

आता घाई करू नका. छापलेल्या नकाशातला एक सहज ओळखता येणारा आकार निवडा, त्रिकोण, वाकडी रेघ, जोडतारा, काहीही. तो आकार दृश्यात सापडेपर्यंत बायनॉक्युलर हळूहळू फिरवा. एक आकार सापडला की त्याच्या आधाराने शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. अनोळखी गावात देऊळ, पार, विहीर अशा खुणांनी घर शोधतो, तसंच. तुमचा नकाशा बरोबर असेल तर दहा-पंधरा मिनिटांत तुम्ही वेस्टाच्या गल्लीत असाल.

वाटी आणि वही

वहीच्या पानावर वाटी उपडी ठेवून पेन्सिलने गोल काढा. हा गोल म्हणजे बायनॉक्युलरचं दृश्य. एखादा ठळक तारा दृश्याच्या मध्यावर आणा, गोलाच्या मध्यावर ठिपका द्या, आणि मग बाकीचे तारे त्याच्या हिशोबाने मांडत जा. ठळक ताऱ्याला मोठा ठिपका, मंदाला लहान. पानाच्या कोपऱ्यात तारीख, वेळ, जागा आणि कोणती दिशा वर आहे ते लिहा. पंधरा-वीस ठिपके पुरे.

इथे एक चूक सांगतो, जी मी केली. डिसेंबर 2023 मध्ये वेस्टा मृग नक्षत्राच्या उत्तर टोकाला होता, काक्षी (बीटलगूस) या ताऱ्याच्या बराच वर, मिथुनेच्या सीमेजवळ. अमावास्येच्या आसपासच्या रात्री, भोरच्या बाजूला एका खळ्यावर थंडीत बसून मी चित्र काढत होतो. एका ठिपक्यावर माझी खात्री बसली की हाच, आणि मग त्याच्याभोवतीचे चार तारे नीट मोजून काढले. बाकीचे आठवेल तसे टाकले, कडेचे दोन तर नुसते कागद भरायला म्हणून. तीन रात्रींनी पुन्हा पाहिलं. माझा खात्रीचा ठिपका जिथल्या तिथे. तो साधा तारा होता. आणि कडेला निष्काळजीपणाने टाकलेल्या दोनपैकी एक ठिपका आता त्या जागी नव्हता. वेस्टा मी पाहिला होता, कागदावरही उतरवला होता, पण इतक्या ढिलाईने की तो नेमका किती सरकला ते मला आजही सांगता येत नाही. पान अजून जपून ठेवलंय, पण हळहळ वाटते.

तेव्हापासून नियम एकच: वेस्टा कोणता आहे हे ठाऊक नसल्यासारखं चित्र काढायचं. प्रत्येक ठिपका सारख्याच काळजीने.

दुसरी आणि तिसरी रात्र

प्रतियुतीच्या सुमारास वेस्टा रोज साधारण पाव अंश सरकतो, म्हणजे पूर्णचंद्राच्या अर्ध्या रुंदीइतका. तुमच्या वाटीच्या गोलात हे जेमतेम तीन मिलिमीटर होतात, आणि हाताने काढलेल्या चित्रात तीन मिलिमीटरची चूक सहज होते. म्हणून लगेच दुसऱ्या दिवशी निकाल लावायला जाऊ नका. तीन-चार रात्री जाऊ द्या. मग सरक सेंटिमीटरभर होते आणि शंकेला जागा उरत नाही.

दुसऱ्या वेळी नवं पान घ्या, तीच वाटी, मध्यावर तोच तारा, आणि आधीचं चित्र न पाहता काढा. काढून झाल्यावरच दोन्ही पानं शेजारी ठेवा. आकार जुळतील, त्रिकोण तसाच, जोडतारा तसाच, आणि एक ठिपका पहिल्या पानावर जिथे आहे तिथे दुसऱ्या पानावर कोरा कागद असेल. तोच ठिपका थोडा पश्चिमेला, म्हणजे पूर्वेकडच्या आकाशात वरच्या बाजूला, शनीच्या दिशेने गेलेला असेल. मग खुशाल मोबाइल काढा आणि ॲपशी ताडून पाहा.

पश्चिमेला का? ग्रह आणि लघुग्रह एरवी ताऱ्यांमधून पूर्वेकडे सरकतात. पण प्रतियुतीच्या काळात पृथ्वी वेस्टाला मागे टाकत असते, आणि आपली गाडी शेजारच्या रुळावरच्या सावकाश गाडीला ओलांडताना ती मागे जाते असं वाटतं, तसा तो उलटा चालताना भासतो. साधारण दीड महिन्याने तो थबकतो आणि पुन्हा पूर्वेला वळतो. चिकाटी असेल तर नोव्हेंबरअखेरपर्यंत आठवड्याला एक चित्र काढा, हे वळणही तुमच्या वहीत येईल.

त्या ठिपक्यात काय आहे

गच्चीवर शेजारच्या मुलांना ठिपका दाखवला की पुढचा प्रश्न ठरलेला: यात पाहण्यासारखं काय आहे? त्याचं उत्तर तयार असावं.

29 मार्च 1807 रोजी जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात हाइनरिख ओल्बर्स यांना हा ठिपका सापडला. ते पेशाने डॉक्टर होते, दिवसा रुग्ण आणि रात्री आकाश. सेरेस, पॅलास आणि जुनो हे तीन लघुग्रह तोवर सापडले होते, आणि हे एखाद्या फुटलेल्या ग्रहाचे तुकडे असावेत अशी ओल्बर्स यांची कल्पना होती. तसं असेल तर तुकड्यांच्या कक्षा जिथे एकमेकींना छेदतात तिथे आणखी काही सापडेल, म्हणून ते आकाशाचे ठरावीक भाग पुन्हा पुन्हा तपासत होते. कल्पना चुकीची निघाली, पण शोध खरा ठरला. कक्षेचं गणित जर्मन गणिती गाउस यांनी केलं आणि वेस्टा हे रोमन लोकांच्या चुलीच्या, गृहाग्नीच्या देवीचं नावही त्यांनीच दिलं.

आकाराने सेरेस बराच मोठा आहे, सुमारे 940 किलोमीटर व्यासाचा. वेस्टाचा सरासरी व्यास 525 किलोमीटरच्या आसपास, मुंबई-नागपूर हवाई अंतरापेक्षाही कमी. तरी आपल्याला वेस्टाच ठळक दिसतो, कारण सेरेसचा पृष्ठभाग काळपट असून तो पडलेल्या प्रकाशाच्या दहाव्या हिश्श्याइतकाही परत पाठवत नाही, तर वेस्टा चाळीस टक्क्यांहून जास्त परत पाठवतो. शिवाय तो आपल्याला जवळही आहे.

नासाचं डॉन यान जुलै 2011 मध्ये वेस्टाभोवतीच्या कक्षेत शिरलं आणि सप्टेंबर 2012 पर्यंत तिथे राहिलं. त्याने पाठवलेल्या चित्रांत दक्षिण ध्रुवावर रियासिल्व्हिया नावाचं एक विवर आहे, सुमारे 500 किलोमीटर रुंद. ज्या गोळ्यावर ते पडलंय त्याच्या जवळजवळ पूर्ण रुंदीचं! विवराच्या मधोमध वीस किलोमीटरहून उंच शिखर आहे, एव्हरेस्टच्या दुपटीपेक्षा जास्त. एवढ्या आघातातून वेस्टा फुटला नाही, पण त्याचे तुकडे अवकाशात उधळले गेले आणि काही फिरत फिरत पृथ्वीवर आले. हॉवर्डाइट, यूक्राइट आणि डायोजेनाइट या तीन जातींच्या अशनी वेस्टाच्याच मानल्या जातात. त्यांचा आणि वेस्टाचा प्रकाश सारखा आहे हे 1970 साली लक्षात आलं, आणि डॉनच्या मोजमापांनी ते नातं पक्कं केलं.

यातल्या काही अशनी भारतात पडल्या आहेत, दोन तर राजस्थानातच: 1994 मध्ये लोहावटला हॉवर्डाइट आणि 1996 मध्ये पिपलिया कलानला यूक्राइट. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी पिपलिया कलानच्या दगडात ॲल्युमिनियम-26 या, ॲल्युमिनियमच्याच अल्पायुषी किरणोत्सारी प्रकाराच्या खुणा शोधल्या आणि 1999 साली ते काम प्रसिद्ध झालं. ते महत्त्वाचं का? वेस्टासारखा लहान गोळा वितळला कशाने, हा जुना प्रश्न होता. सूर्यमाला अगदी नवी असताना ॲल्युमिनियम-26 च्या ऱ्हासातून निघालेली उष्णता हे त्याचं पटण्यासारखं उत्तर आहे, आणि त्याचा पुरावा राजस्थानातल्या त्या दगडात मिळाला.

वितळला म्हणूनच वेस्टाला पृथ्वीसारखा लोखंडी गाभा असावा, वर खडकाचं आवरण आणि त्यावर लाव्ह्याचा थर, असं मानलं जातं. यूक्राइट म्हणजे बसाल्ट. आपल्या सह्याद्रीचा काळा दगडही बसाल्टच. आपला साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, तिथला साडेचारशे कोटींहून जुना. मी मुलांना आधी गच्चीच्या पायरीच्या काळ्या दगडाला हात लावायला सांगतो आणि मग बायनॉक्युलर देतो.

नेहमी अडणाऱ्या गोष्टी

ठिपका दिसतच नाही: आधी दवाची शंका घ्या. ऑक्टोबरात मध्यरात्रीनंतर भिंगावर दव धरतं. फडक्याने घासू नका, ओरखडे उठतात. बायनॉक्युलर थोडा वेळ जाकिटाच्या आत धरा.

नवरात्रातली रोषणाई आड येत असेल तर मंडप बंद होईपर्यंत थांबा. वेस्टा मध्यरात्री, साडेबाराच्या सुमारास, सर्वांत उंच येतो, दक्षिणेकडे जवळजवळ डोक्याजवळ. उशीर झाल्याने काही बिघडत नाही, उलट धुरकट हवेच्या थरातून तो वर निघालेला असतो.

चित्रं जुळत नसतील तर बहुतेक वेळा दिशेचा घोळ असतो. नऊ वाजता जी बाजू वर असते ती एक वाजता कलंडलेली असते, म्हणून शक्यतो दोन्ही रात्री एकाच सुमाराला पाहा.

एकट्याने जमत नसेल तर जवळच्या आकाशदर्शन गटाबरोबर जा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हे काम करते आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. तिथे लघुग्रहाचं नाव काढलंत तर मोठ्या दुर्बिणीत तो लावून देणारा कुणीतरी भेटतो. तरी चित्र स्वतः काढा.

वाटीला मात्र खालून एक खूण करून ठेवा. पुढची प्रतियुती 2028 च्या सुरुवातीला आहे, आणि जुन्या पानांशी नवी पानं ताडायची तर गोल तेवढाच हवा.